मोठीमायचे तीन सेकंद

१

दर मंगळवारी अकराला आमचं ध्वनिमुद्रण असे आणि दर मंगळवारी साडेदहाला माझं शेवटचं पान लिहून होत असे. वीस वर्षं रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, पण एखादी वेळेआधी हातावेगळी केल्याचं मला आठवत नाही. लिहायचे स्वयंपाकघरातच, ओट्याशी उभी राहून, सगळ्यांचे संवाद मोठ्याने म्हणत. सासरा, सून, गडी, पोस्टमन, सगळे आवाज माझेच. यवतमाळच्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारच्यांना वाटलं होतं की यांच्याकडे रोज पाहुणे असतात. घरात होतो आम्ही दोघंच, मी आणि माझे यजमान वामन. हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आणि स्वभावाने इतके शांत की दोघांच्या वाटचं मलाच बोलावं लागतं.

२००६ साल होतं. कापसापायी आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीपर्यंत पोचलं होतं आणि पाहणीला येणाऱ्यांमुळे विश्रामगृहात खोली मिळेनाशी झाली होती. अशात आमच्या रेडिओ केंद्राला वरून पत्र आलं की श्रोत्यांचं मनोधैर्य वाढेल असे आनंदी कार्यक्रम करा. 'आनंदी' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मी म्हटलं, आनंदी म्हणजे आनंदी. मी अकरा माणसांचं एक खटल्याचं घर रचलं, ज्यात भांडणं भरपूर, पण रडणं अजिबात नाही. मालिकेचं नाव 'गलबला'. दर रविवारी दुपारी साडेबाराला, पंधरा मिनिटं, वर्षभराचे बावन्न भाग.

अडचण एकच होती. कंत्राटं पाचच कलाकारांना मिळायची. आवाज बदलून बदलून पाच गळ्यांत मी दहा माणसं बसवली. अकरावी उरली ती मोठीमाय, म्हणजे घरधन्याच्या मोठ्या भावाची बायको. तिला मी गुडघेदुखी दिली आणि आतल्या खोलीत खाटेवर झोपवून टाकलं. अंगणातून सगळे तिला ओरडून विचारायचे, "मोठीमाय, हे कसं करू वं?" मग स्टुडिओत सगळे गप्प. काचेपलीकडून आमचा ध्वनिमुद्रक देवसिंग एकेक बोट उघडत तीन मोजायचा. तिसऱ्या बोटाला सून म्हणायची, "बरं बाप्पा, तसंच करतो." झालं मोठीमायचं काम, आणि कंत्राटाशिवाय.

२

पहिलं पोस्टकार्ड दारव्ह्याहून आलं. लिहिलं होतं, "मोठीमायचं हसणं लय गोड आहे. आमच्या घरी सगळे तसं हसून पाह्यतात, कोणाले जमत नाही."

मी ते कार्ड केंद्रात सगळ्यांना वाचून दाखवलं, चहाबरोबर पुन्हा एकदा वाचून दाखवलं आणि घरी येऊन वामनना वाचून दाखवलं. जे पात्र बोलतच नाही त्याचं हसणं लोकांना ऐकू येतंय, आणखी काय हवं लिहिणाऱ्याला! दोन दिवस मी जमिनीवर नव्हते.

नंतर पोळ्याच्या सुमाराला एकाच आठवड्यात तीन कार्डं आली. एक आर्णीचं, एक दारव्ह्याचं आणि एक पार झरी जामणीच्या जंगलातल्या एका गावाहून. त्या रविवारच्या भागात सून विचारते, "मोठीमाय, अंबाडीची भाजी लय आंबट झाली, आता काय करू?" मग आमचे तीन सेकंद, आणि सून म्हणते, "बरं बरं, टाकतो." काय टाकायचं ते मी ठरवलंच नव्हतं. मला ठाऊकही नव्हतं. तिन्ही कार्डांवर मात्र एकच मजकूर होता. मोठीमायनं सांगितल्यासारखं भाजी उतरवल्यावर, झाकण ठेवायच्या आधी, भाजलेल्या जवसाचा मूठभर कूट टाकला आणि भाजी फारच उत्तम झाली.

तीन माणसं. तीन तालुके. एकमेकांना ओळखायचं काही कारण नाही. मी स्वतःला समजावलं की खेड्यात हे सगळ्यांनाच माहीत असेल. मग आमच्या ओळखीच्या चार सुगरणींना विचारलं. एकीनेही कधी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अंबाडी आणली. वामननी तीनदा भाजी घेतली.

३

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं रेडिओ लावून जेवत होतो. मोठीमायचे तीन सेकंद आले आणि वामन हसायला लागले. साधे नाही, घास हातात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं हसताना दोनदा पाहिलं असेल.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय बोलते गं ही बाई!"

"कोण?"

"मोठीमाय. दुसरं कोण?"

"अहो, मोठीमाय बोलत नाही. मी तिला एक अक्षर लिहिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थट्टा करणाऱ्याकडे पाहावं तसं. मग हात धुऊन त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मोठीमायच्या लग्नात म्हणे नवरदेवाचा घोडा भर बाजारात जो बसला तो उठेचना. शेवटी नवरदेवाला कापसाच्या गाडीवर बसवून मांडवात आणलं. तो नखशिखांत कापूस लागून असा पांढरा झाला होता की नवरीने करवलीच्या कानात विचारलं, "यातला माहा कोणता?" गोष्ट सांगायला वामनना पाच मिनिटं लागली, तीही मधलं मधलं गाळून.

"हे सगळं तीन सेकंदांत?" मी विचारलं.

"तीन सेकंद कुठले? गोष्टीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला की."

मी तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होते. तीनच सेकंद होते. कार्यक्रमही रोजच्यासारखा पावणेएकला संपला होता. भांडी घासताना मी पुन्हा पुन्हा त्या घड्याळाकडे बघत होते, पण ती गोष्ट आठवून हसूही येत होतं.

४

मंगळवारी ध्वनिमुद्रण संपल्यावर मी देवसिंगला थांबवून घेतलं. देवसिंग राठोड दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचा. केंद्रात पंचवीस वर्षं काढलेला, मोजून बोलणारा माणूस. मी म्हटलं, मला ती जागा दाखव.

त्याने संगणकावर मागचा भाग उघडला. आवाजाच्या हिरव्या लाटा खालीवर जात होत्या आणि मधेच तीन सेकंद सरळ रेघ. एक कण वर नाही की खाली नाही. त्याने आवाज पूर्ण वाढवून ती जागा चारदा वाजवली. काही नव्हतं.

"इथं काही नाही ताई," तो म्हणाला. "म्या कधीचंच पाहून घेतलं."

"कधीचंच म्हणजे? तुलाही माहीत आहे?"

"घरी रेडिओवर ऐकू येते न. इथं मशीनवर नाही. माही याडी तं तिच्यासंगं गोष्टीच करते." याडी म्हणजे आई, हे मला त्याच्याकडूनच कळलं होतं. "याडीले मराठी धड समजत नाही. पण मोठीमाय आमच्या बंजारा गोरबोलीत बोलते तं काय अडचण?"

"मोठीमाय गोरबोलीत बोलते?"

"आमच्या घरी तं तेच बोलते."

"देवसिंग, तुला भीती नाही वाटत?"

त्याने विचार केला. "पयले वाटली. मंग याडी हासली. ते बाप गेल्यापासून हासली नव्हती. मंग म्या म्हटलं, कायले भ्याचं?"

५

आता उरले फक्त मी. आठवडी बाजारात बायका मला थांबवून मोठीमायचे विनोद मलाच ऐकवायच्या, आणि मी "हो का, आवडलं ना?" म्हणत पिशवी सावरायची. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि मोठीमायला माझा नमस्कार सांगा.

खरं सांगते, मला हेवा वाटत होता. पोर माझी, आणि ती गावभर बोलते, फक्त आईशी नाही! पण त्या हेव्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते मला एका रविवारी कळलं. त्या दिवशी वामन बाहेर गेले होते. मी रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवरून उतरवला आणि कान त्याला अगदी चिकटवला. आमच्या रेडिओला कायमची बारीक खरखर आहे. संवादांच्या मागे ती चालूच असते. सुनेने हाक मारली, तीन सेकंद सुरू झाले आणि खरखर थांबली.

शांतता वेगळी आणि ही वेगळी होती. फोनवर पलीकडचं माणूस बोलत नसतं, पण आहे हे कळतं ना, तशी. मी कान काढून घेतला. सून म्हणाली, "बरं मोठीमाय," आणि खरखर परत आली. फळीवरचे डबे, ओटा, टपकणारा नळ सगळं जागच्या जागी होतं. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले आणि शेजारणीशी उगाच अर्धा तास बोलत बसले.

६

डिसेंबरात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, नेमाचा होता. माझी संहिता समोर धरून म्हणाले, "मॅडम, प्रत्येक भागात पाच ठिकाणी तीन तीन सेकंद काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. या पात्राला आवाज द्या, नाहीतर काढून टाका."

"सर, तुम्ही घरी आपला रेडिओ ऐकता?"

"घरी टीव्ही आहे," साहेब म्हणाले.

त्यांच्या खोलीतून मी बाहेर आले तर व्हरांड्यात एक गृहस्थ माझी वाट बघत बसले होते. साठीचे, धोतर-सदरा, मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी. उठून हात जोडले.

"मी बाबाराव. आर्णीच्या पुढं सात किलोमीटर आमचं गाव. या शेंगा मोठीमायसाठी आणल्या, पण म्या म्हटलं ते तं नाही भेटणार, मंग तुमालेच द्याव्या."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

"दोन वर्ष झाले मॅडम, माही बायको, कोकिळा, बोलत नव्हती. मुकी नाही, बोलणंच सोडून देल्लं. आमी दोघं भाऊ एका घरात, मधात एक भिंत. ह्या बाजूनं कोकिळा, त्या बाजूनं वहिनी, दिवसभर भिंतीतून दोघीची टकळी चाले. कापसात काही राह्यलं नाही, मंग भाऊ पुण्याले गेला वाचमनकी कराले, वहिनीले बी घेऊन गेला. मंग बाजूचे गेले सुरतले. समोरचे गेले. कोकिळा पयले कमी बोले, मंग नुसती मुंडी हालवे, मंग ते बी नाही. डाक्टर म्हणे गळा चांगला आहे."

"मग?"

"मंग तुमची मोठीमाय आली!" बाबारावांचा चेहरा एकदम उजळला. "पयल्या रविवारी कोकिळा नुसती ऐकत होती. दुसऱ्या रविवारी हासली. आता रविवारी मोठीमायसंगं बोलली का बुधवारपर्यंत पुरते. मांगच्या बुधवारी म्या बैलाले पाणी नाही दाखवलं म्हणून मले अश्या शिव्या देल्ल्या, अश्या देल्ल्या मॅडम! म्या गावात पेढे वाटले."

ते गेल्यावर मी शेंगांची पिशवी घेऊन तशीच बसून राहिले. मोठीमायला काढणं आता शक्यच नव्हतं. राहिला एकच मार्ग, तिला आवाज देणं. तेव्हा मला तो मार्ग फार सुंदर वाटला. तीन सेकंदांत ती एवढं करते, तर खरे संवाद मिळाल्यावर कोकिळाबाई अख्खा आठवडा बोलतील! आणि मनात एक स्वार्थही होता. मलाही ती एकदाची ऐकू आली असती.

७

साहेबांनी सहावं कंत्राट आनंदाने मंजूर केलं. मी बेबीताईंना बोलावलं. बेबीताई भजनी मंडळातल्या, सत्तरीच्या, आवाजात साजूक तूप. मोठीमायचे संवाद मी इतक्या प्रेमाने लिहिले की मंगळवारी चक्क दहा वाजता तयार होते. बेबीताईंनी ते असे म्हटले की काचेपलीकडे साहेबांनी टाळी वाजवली. देवसिंगने नाही वाजवली. त्याचं बोटांचं काम गेलं होतं, म्हणून असेल असं मला वाटलं.

रविवारी मी रेडिओच्या समोर खुर्ची ओढून बसले. मोठीमाय बोलली आणि मला ऐकू आली. लख्ख, प्रत्येक शब्द! मी वामनकडे वळून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"ती बाई कोण आहे?"

"कुठली बाई?"

"मधेमधे बोलत होती ती. मोठीमायने तोंड उघडलं की ही सुरू. ती बिचारी तीन-चारदा बोलायला गेली, ही थांबेचना. शेवटी मोठीमाय गप्प बसली." आणि जरा थांबून म्हणाले, "वाईट वाटलं असेल गं तिला."

मी रेडिओ बंद केला.

पुढच्या रविवारी वामनना एकटा बेबीताईंचाच आवाज ऐकू आला. खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड चालू होती.

८

त्रेचाळीस पोस्टकार्डं आली. सगळ्यांत तेच. त्या बाईले आवरा, ते मोठीमायले बोलू देत नाही. मोठीमाय रागावली काय? मोठीमायची तब्येत बरी आहे न? साहेब खूश होते, कारण एवढी पत्रं केंद्राला पूर्वी कधी आली नव्हती.

बाबारावांचा फोन आला तो केंद्रातच. गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होते.

"मॅडम, कोकिळा चूप झाली."

"कधीपासून?"

"तो बेबीताईचा कार्यक्रम झाला तवापासून. रेडिओ लावला का उठून आत जाते. जेवाले बोलावलं का येते, जेवते, जाते. मॅडम, तुमी असं काहून केलं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारत होते. एका बाईला परत मिळालेली वाचा मी भलं करायला जाऊन घालवली होती. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले.

मालिकेचा एकच भाग उरला होता. बावन्नावा, शेवटचा. साहेब त्या मंगळवारी बैठकीला नागपूरला जाणार होते. मी बेबीताईंच्या घरी जाऊन हात जोडले. म्हटलं, तुमचे संवाद काढते आहे.

"काढ माय, काढ!" बेबीताई म्हणाल्या. "माही सून माह्यासंगं बोलत नाही त्या दिवसापासून. म्हणते, तुमी मोठीमायले चूप केलं."

मंगळवारी मोठीमायला पुन्हा आतल्या खोलीत नेलं. पाच प्रश्न, पाच जागा. काचेपलीकडे देवसिंगने पहिलं बोट उघडलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. नागपूरहून आल्यावर साहेब काय म्हणतील याची मला बिलकूल पर्वा नव्हती. मला भीती होती ती मोठीमाय परत येते की नाही याचीच.

९

रविवारी मी आर्णीला उतरले आणि तिथून जीपने बाबारावांच्या गावी गेले. बारा वाजले होते. ऊन कसं स्वच्छ पडलं होतं, आणि गल्लीत पाच घरं सोडली की एका घरासमोर माणूस दिसत होता.

बाबारावांच्या घराला एकच लांब ओसरी आणि तिच्यावर दोन दारं. डावं यांचं. उजव्याला बाहेरून कुलूप, तेही गंजलेलं. दोन दारांच्या मधोमध भिंतीला टेकून कोकिळाबाई बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या, सुपात तुरी सोलत. मला पाहून मान हलवली. डोळे माझ्यावर थांबलेच नाहीत.

बाबारावांनी रेडिओ आणून ओसरीच्या कठड्यावर ठेवला. कोकिळाबाई उठायला लागल्या. मी घाईघाईने त्यांच्यापाशी बसले आणि माझं सुरू झालं. "बसा ना हो. आज ती बाई नाही, मी काढून टाकली तिला. चूक माझीच झाली, मीच लिहिणारी, मला वाटलं होतं की..." त्या बसल्या. मी बोलतच राहिले. कार्यक्रम सुरू झाला तरी हळू आवाजात मी बोलतच होते.

पहिली जागा आली. खरखर चालूच राहिली. कोकिळाबाईंचा हात तुरी सोलत होता.

"येईल ती," मी म्हटलं, "पुढच्या वेळेला नक्की येईल. बहुतेक राग गेला नसेल, पण मी इतकी मनापासून..."

दुसरी जागा. पुन्हा खरखर. बाबारावांनी मान खाली घातली. माझा धीर सुटला आणि मी आणखी भराभर बोलायला लागले. मी पुन्हा मालिका लिहीन, साहेबांना सांगेन, पत्रं लिहीन, असं काहीबाही. तेवढ्यात कोकिळाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि आपला हात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला ओल्या शेंगांचा वास होता. मी गप्प झाले.

तिसरी जागा आली आणि खरखर थांबली.

कोकिळाबाईंनी मान वळवली. रेडिओकडे नाही, भिंतीकडे. आणि त्या हसल्या, खुदकन, माहेरी आलेल्या पोरीसारख्या.

"अवं माय, मी तं समजली तुमी गेल्याच!" त्या म्हणाल्या.

बाबाराव उभे राहिले, पुन्हा बसले, उपरण्यात तोंड लपवून रडायला आणि हसायला लागले. आणि माझं म्हणाल तर मला नाचावंसं वाटत होतं. तोंडावर हात होता म्हणून, नाहीतर मी ओरडलेच असते.

१०

कार्यक्रम संपला. निवेदिकेने सांगितलं की 'गलबला' मालिका इथे समाप्त होत आहे. बाबारावांनी रेडिओ बंद केला.

कोकिळाबाई बोलतच होत्या. दोन आठवड्यांचं साचलेलं सगळं, बैलाचं, शेजारच्या रिकाम्या घरातल्या मांजरीचं, बाबारावांच्या खोकल्याचं. मधे थांबायच्या, भिंतीकडे कान द्यायच्या, "हाओ न!" म्हणून हसायच्या आणि पुन्हा सुरू. एकदा तर बाबारावही हसले, माझ्या कानांवर न आलेल्या कुठल्या तरी वाक्याला. रेडिओ कठड्यावर बंदच होता. मी तो उचलून पाहिला. सेल त्यांनी काढूनच ठेवले होते.

"आता हे चालू राहील?" मी बाबारावांना हळूच विचारलं.

"आता कायले रविवारची वाट पाहाची?" ते म्हणाले. "आली न ते घरी."

आली. मी त्या दाराकडे पाहिलं. कुलूप बाहेरून लागलेलं, कडीवर कोळ्याचं जाळं. पलीकडच्या खोलीचं छप्पर कुठेतरी फाटलेलं असावं, कारण दाराखालच्या फटीतून उन्हाची एक पांढरी पट्टी ओसरीवर आली होती. माझ्या डोक्यात विचारांची गर्दी झाली. भिंत पोकळ असेल, या बाईच्या मनाचे खेळ असतील, नवऱ्याने बायकोसाठी मान डोलावली असेल, आणि तीन तालुके, आणि गोरबोली, आणि जवसाचा कूट...

"बाई," कोकिळाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलत होत्या. "ते तुमाले विचारून राह्यली."

"मला? काय?"

"म्हणते, तुमी माह्यासाठी जागा ठेवता, मंग त्या जागेत मनातल्या मनात पुढचं वाक्य कायले म्हणत बसता?"

खरं होतं ते. वर्षभरातल्या सगळ्या तीन सेकंदांत मी पुढचा संवाद मनात म्हणून बघत होते, सून कुठे श्वास घेईल, सासरा कुठे खोकेल. घरात, स्टुडिओत, रेडिओला कान लावून बसले होते तेव्हासुद्धा. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मलाच ते आत्ता कळत होतं.

"चूप बसा थोडंसं," कोकिळाबाई मायेने म्हणाल्या. "भेऊ नका. लय चांगली आहे ते."

मी गप्प बसले. तोंडाने सगळेच बसतात, मी आतूनही बसले. सोपं नव्हतं. एकेक आवाज बाहेर घालवावा लागला, सासरा, सून, गडी, पोस्टमन, आणि सगळ्यांत शेवटी माझा स्वतःचा. गल्लीत कुठेतरी कोंबडी कलकलली आणि थांबली. बाबाराव बसल्या जागी हलत नव्हते. कोकिळाबाईंनी माझा हात हातात घेतला होता आणि त्या भिंतीकडे बघून हसत होत्या. मला इतका आनंद झाला होता की त्यात भीती कुठून सुरू झाली ते समजलं नाही.

दाराखालची उन्हाची पट्टी मधोमध झाकली गेली.

मी जन्मभर माईकजवळ बसले आहे. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, तो मला डोळे मिटूनही ओळखता येतो. कुलपाच्या पलीकडे, अगदी दाराला लागून, कुणीतरी तो घेतला.